जर्मनच्या भांड्यांची निगा

ज्या शाळांत मुलांचा पोषण आहार ॲल्युमिनियमच्या, म्हणजेच बोलीभाषेतील जर्मनच्या, पातेल्यांत शिजतो, तेथे एक दृश्य पुष्कळदा दिसते. तपासणीसाठी कोणी येणार असे कळले, की आदल्या सायंकाळी स्वयंपाकी भगिनी राख, धुण्याचा सोडा व तारेची घासणी घेऊन बसतात आणि पातेले आरशासारखे लखलखेपर्यंत हात थांबवीत नाहीत. हे श्रम प्रामाणिक असतात. परंतु त्यांनी भांड्याचे आयुष्य वाढत नाही, उलट घटते. असे का होते, हे कळण्यास या धातूचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

ॲल्युमिनियम प्रथम १८२५ साली डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी वेगळे केले. १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी ते विजेच्या साहाय्याने मिळविण्याची रीत स्वतंत्रपणे शोधून काढली. तोपर्यंत महाग असलेला हा धातू त्यानंतर स्वस्त झाला आणि यथावकाश सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचला.

लोखंडाला गंज चढतो व त्याचे पापुद्रे सुटत जातात. म्हणून आतील लोखंडही कुजत राहते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडची एक पातळ साय धरते. तिची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांएवढीच असते. परंतु ती धातूला घट्ट चिकटून राहते आणि आतील धातूचे रक्षण करते. पितळेच्या भांड्यास कल्हई बाहेरून लावावी लागते; ॲल्युमिनियम आपली कल्हई आपणच करून घेते, असे म्हटले तरी चालेल. त्याचा किंचित मंद, राखाडी रंग हा मळ नव्हे.

या सायीचे शत्रू तीन. पहिला क्षार. धुण्याचा सोडा व लाकडाची राख दोन्ही क्षारयुक्त असल्याने साय विरघळवितात आणि मग खालच्या धातूवरही चाल करतात. दुसरा शत्रू आंबट पदार्थ. तांब्यापितळेस चिंच लावण्याची जुनी सवय येथे उपयोगाची नाही. चिंचेची आमटी, कोकमाचे सार किंवा ताक अशा भांड्यात साठवून ठेवल्यास धातूचा काही अंश अन्नात उतरतो. तिसरा शत्रू मीठ. खारट खिचडीचे खरकटे रात्रभर तसेच राहिले, तर सायीला जागोजागी भेग पडून तळाशी बारीक खड्डे पडतात. ओले पातेले तांब्याच्या भांड्यास टेकवून ठेवल्यानेही हीच झीज वेगाने होते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर अधिकच जपावे लागते.

निगेची रीत सोपी आहे. जेवण आटोपताच भांड्यात पाणी घालून खरकटे भिजू द्यावे. मग सौम्य साबण व काथ्याने किंवा मऊ घासणीने धुवावे, स्वच्छ पाण्याने खळबळून लगेच कोरडे पुसावे व पालथे ठेवावे. करपलेले तारेने खरवडू नये. पाणी उकळून ते सुटू द्यावे. चुलीवर ठेवण्यापूर्वी बुडाला बाहेरून मातीचा पातळ लेप दिल्यास काजळी सहज निघते. पाणी उकळून आतून काळसर झालेल्या भांड्यात लिंबाची साल घालून थोडा वेळ पाणी उकळावे व ते फेकून द्यावे. तेवढ्याने काम भागते. तळ पातळ झालेले किंवा खड्डे पडलेले भांडे मात्र स्वयंपाकातून काढून टाकावे.

हाच विषय वर्गातही नेता येईल. एक लोखंडी खिळा व ॲल्युमिनियमचा एक तुकडा आठ दिवस ओलसर ठेवून मुलांना दाखवावा. दोन्हींतील फरक ती स्वतः सांगतील आणि पाठ्यपुस्तकातील गंजाचा धडा स्वयंपाकघराशी जोडला जाईल.

मुख्याध्यापकांनी भांड्यांची पाहणी करताना चकाकी पाहू नये. आतून बोट फिरवून तेलकटपणा लागतो काय, वास येतो काय, कडेला खरकटे राहिले आहे काय, हे पाहावे. जेथे चकाकीची वाहवा होते, तेथे राख व तार यांचा वापर थांबत नाही. जेथे स्वच्छतेची कदर होते, तेथे भांडे टिकते, स्वयंपाकी भगिनींचे हात सोलवटत नाहीत आणि मुलांचे अन्नही निर्धोक राहते.