डिस्पॅरेज : दर्जा उतरविणारी वाणी

दुसऱ्याची योग्यता कमी लेखून बोलण्याला इंग्रजीत ‘डिस्पॅरेज’ असे क्रियापद आहे. परंतु त्याचे मूळ वाणीत नसून विवाहात आहे. लॅटिनमध्ये ‘पार’ म्हणजे समान; त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये समान कुळाच्या दर्जाला ‘पाराज’ हा शब्द आला, आणि त्याला नकारार्थी उपसर्ग लागून जे क्रियापद सिद्ध झाले, त्याचा अर्थ एखाद्याचे लग्न त्याच्याहून हलक्या कुळात लावून देणे असा होता. सरंजामी इंग्लंडात जमीनधारक सरदार वारला आणि त्याचा वारस अज्ञान असला, म्हणजे त्याचे पालकत्व व त्याचे लग्न ठरविण्याचा हक्क राजाकडे किंवा वरिष्ठ सरदाराकडे जाई, आणि तो हक्क पैसे घेऊन विकलाही जाई. म्हणूनच १२१५ साली उमरावांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा ही सनद मान्य करून घेतली, तेव्हा तिच्या सहाव्या कलमात वारसांची लग्ने त्यांचा दर्जा न उतरविता व्हावीत, अशी अट घालण्यात आली. कालांतराने सोयरिकीचा संदर्भ गळून पडला आणि दर्जा उतरविणे तेवढे उरले.

आपल्याकडे हे काम बरेचसे प्रत्ययांनीच उरकते. ‘कुत्सिते’ असे सूत्र रचून पाणिनीने निंदेसाठी ‘क’ प्रत्यय सांगितला, त्यामुळे अश्वक म्हणजे भिकार घोडा. पण लागलीच पुढे तोच ‘क’ त्याने अनुकंपेसाठीही दिला, आणि पुत्रक म्हणजे लाडके लेकरू झाले. हा दुहेरी स्वभाव मराठीत टिकून आहे. म्हाताऱ्याचा म्हातारडा, भटाचा भटुरडा, पोराचे पोरटे अशी रूपे आपण सहज घडवितो, आणि माणसाला नपुंसकलिंगात लोटून ‘ते कार्टे’ म्हणतो. तेच कार्टे आईच्या तोंडी आले, तर त्यात मायाच भरलेली असते. तुच्छता शब्दाच्या रूपात नसते, समोरच्याला आपण बरोबरीचा मानतो की नाही यावर ती ठरते, असे माझे मत आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या टापूत याचा प्रत्यय विशेष येतो. ही भूमी आगरी-कोळ्यांच्या भातशेतीची, खाडीची आणि मिठागरांची. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत व पुढल्या वर्षी कल्याणपर्यंत आली, कालांतराने मुंबईच्या कचेऱ्यांतील नोकरदारांनी डोंबिवलीत बिऱ्हाडे थाटली, आणि आयरे, पाथर्ली, नांदिवली ही गावे इमारतींच्या वेढ्यात सापडली. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो. वर्गात एखादे मूल “बाई, पानी पिऊन येऊ?” असे विचारते आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते, त्याला कोणी शिवी दिलेली नसते, तरी ते मूल पुढच्या खेपेला हात वर करीत नाही. वडीलधाऱ्यालाही एकवचनाने हाक मारण्याची या बोलीची रीत शहरी शेजाऱ्याला उर्मट वाटते. वस्तुतः तो स्वतःही आईला आणि विठोबाला ‘तू’च म्हणत असतो, आणि त्यात अनादर आहे असे त्याला स्वप्नातही वाटत नाही.

ज्या बोलीला अशुद्ध म्हणून हिणविले जाते, तिची नोंद भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने हिंदुस्थानच्या भाषांच्या पाहणीत, १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या खंडात, कोकणातील बोलींमध्ये रीतसर घेतली आहे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण नावाची स्त्री धवले गाऊन विधी चालविते, आणि हळदीपासून पुढचे संस्कार तिच्या मुखातील याच बोलीने पार पडतात. तिच्यासमोर बसलेल्या नवरानवरीला ‘पानी’ या उच्चारात काही उणे आहे असे सांगण्याचा अधिकार आम्हा बिऱ्हाडकरूंना कोणी दिला, हा प्रश्न डोंबिवलीच्या शाळांतून आणि घरांतून मोकळेपणाने विचारला गेला पाहिजे.