मठ्ठ मुलें आणि शिसें

सन १९८७ मधील गोष्ट आहे. एका तालुक्याच्या गांवीं मी आठवीच्या वर्गास संस्कृत शिकवीत असें. त्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. वडिलांचा धंदा मोटारींच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचा. ज्या बॅटऱ्या दुरुस्तीपलीकडे गेल्या असतील त्या फोडून, आंतील शिशाच्या पट्ट्या ते परसांतील चुलीवर कढईंत वितळवीत व त्यांच्या लगडी पाडून विकीत. शाळा सुटली कीं हा मुलगा कढईपाशीं जाळ घालावयास बसे. सकाळीं तो देव शब्दाच्या तीन विभक्ति बिनचूक चालवून दाखवी, आणि मधल्या सुटीनंतर त्यांतील पहिलीहि त्याच्या ओठांवर येत नसे. चेहरा पांढुरका. पोटांत कळ आली म्हणून आठवड्यांतून एकदां तरी घरीं जाण्याची परवानगी मागे. एरव्हीं खिडकीबाहेर पाहत बसे. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला : “बुद्धि मंद. अभ्यासांत लक्ष नाहीं.” छडीहि मारली. त्या काळीं तिचें आम्हां शिक्षकांस कांहीं वाटत नसे, व पालकांसहि वाटत नसे. नववींत तो शाळा सोडून गेला आणि मी त्यास विसरलों.

निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली. तेव्हां अमेरिकेंतील हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका शोधाची हकीकत वाचण्यांत आली, आणि तो खिडकींतून पाहणारा मुलगा अकस्मात् डोळ्यांपुढें उभा राहिला.

नीडलमन यांचें काम असें. बॉस्टन शहरालगतच्या चेल्सी व सॉमरव्हिल या गांवांतील पहिली-दुसरींतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दांत त्यांनीं गोळा केले. आपल्याकडे पडलेला दांत कौलांवर फेंकून देतात. पण दांत ही एक प्रकारची बखर आहे. शरीरांत गेलेलें शिसें हाडांत व दांतांत सांचत जातें, आणि रक्तांतून तें ओसरलें तरी दांतांतील नोंद पुसली जात नाहीं. या मुलांच्या शिक्षकांकडून त्यांनीं एक तक्ता भरून घेतला. मुलाचें लक्ष चटकन उडतें काय? हातीं घेतलेलें काम तो अर्ध्यावर सोडतो काय? साधी आज्ञा त्यास पाळतां येते काय? दिवास्वप्नांत रमतो काय? सुमारें दोन हजारांहून अधिक मुलांविषयीं अशीं उत्तरें मिळालीं. कोणाच्या दांतांत किती शिसें आहे याची शिक्षकांस यत्किंचित् कल्पना नव्हती. तरीहि शिशाचें प्रमाण पायरीपायरीनें वाढत गेलें तसतशी शिक्षकांची तक्रारहि पायरीपायरीनें वाढत गेली. अधिक शिसें असलेल्या व कमी शिसें असलेल्या मुलांच्या बुद्धिमापनांत सुमारें चार गुणांचा फरक आढळला. आणि यांपैकीं कोणीहि मूल रूढ अर्थानें आजारी नव्हतें. तीं शाळेंत येत होतीं, खेळत होतीं. एवढेंच कीं मास्तरांच्या मतें तीं मठ्ठ होतीं.

त्या तक्त्यांतील प्रश्न वाचतांना मीं लिहिलेला शेराच कोणी प्रश्नरूपानें छापला आहे असें वाटलें. माझ्या विद्यार्थ्याचें मंदत्व शिशानेंच आलें होतें असें मी म्हणूं शकत नाहीं. त्याचें रक्त कोणी तपासलें नव्हतें. पण पांढुरका चेहरा, पोटांतील कळ आणि विसराळूपणा हीं तिन्ही लक्षणें शिशाच्या विषबाधेच्या वर्णनांत एकत्र दिलेलीं असतात, आणि तीं तिन्ही माझ्या पुढ्यांतील बाकावर वर्षभर बसलेलीं होतीं.

शिसें आपणांस नवें नाहीं. घरोघर रुद्राचीं आवर्तनें होतात. त्यांतील चमकांत यजमान जें जें मागतो त्यांत सीस व त्रपु, म्हणजे शिसें व कथील, हीं लागोपाठ येतात. आयुर्वेदाच्या रसग्रंथांत शिशास ‘नाग’ म्हटलें आहे, आणि शोधन केल्यावांचून तें पोटांत देऊं नये असा त्या ग्रंथांचा कटाक्ष आहे. सर्पाचें व या धातूचें नांव एकच असावें हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. परंतु सर्प निदान दिसतो तरी. रोमन लोकांत विट्रुव्हिअस नांवाच्या स्थापत्यकारानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे कीं, शिशाच्या नळांपेक्षां मातीच्या नळांचें पाणी आरोग्यास चांगलें, व शिशाचें काम करणाऱ्यांचा वर्ण फिका पडतो. (जातां जातां एक सांगतों : आपण जिला शिसपेन्सिल म्हणतों तिच्यांत शिसें नसतें, ग्राफाइट असतें. मुलानें पेन्सिल चघळली म्हणून या कारणासाठीं घाबरूं नये. जुन्या पेन्सिलींवरील रंगाची गोष्ट मात्र निराळी.)

अपाय होतो तो कसा, हें थोडक्यांत सांगतां येईल. शरीरास कॅल्शियम व लोह यांची गरज असते. शिसें वेष पालटून कॅल्शियमच्या वाटेनें आंत शिरतें आणि मेंदूंतील मज्जातंतूंच्या व्यवहारांत लुडबूड करतें. मोठा मनुष्य पोटांत गेलेल्या शिशाचा जेवढा अंश शोषून घेतो त्याच्या चौपट-पांचपट लहान मूल शोषून घेतें. पोट रिकामें असेल किंवा आहारांत लोह व कॅल्शियम कमी असेल तर हें प्रमाण आणखी वाढतें. म्हणून ज्या घरीं दूध, नाचणी, पालेभाजी कमी, त्या घरचें मूल दुहेरी सांपडतें. हाडांत सांचलेलें शिसें तेथें वर्षानुवर्षें राहतें, व स्त्री गरोदर असतां गर्भाच्या हाडांसाठीं तिच्या हाडांतील कॅल्शियम निघूं लागलें कीं त्याच्याबरोबर तेंहि बाहेर पडतें आणि नाळेवाटे गर्भास पोंचतें. आईनें बालपणीं गिळलेल्या विषाचा वांटा अशा रीतीनें जन्मापूर्वींच लेंकरास मिळतो.

किती शिसें चालेल? या प्रश्नाचें उत्तर डॉक्टर मंडळी सारखें खालीं आणीत आलीं आहेत. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत शंभर मिलिलिटर रक्तांत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता करीत नसत. (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) १९९१ सालीं तो आंकडा १० वर आला, २०१२ सालीं ५ वर, आणि २०२१ सालीं साडेतीनावर. जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें असें कीं, निर्धोक म्हणतां येईल असें प्रमाणच ठाऊक नाहीं. युनिसेफनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांतील सुमारें ८० कोटि मुलांच्या, म्हणजे दर तिघांपैकीं एकाच्या, रक्तांत ५ किंवा अधिक मायक्रोग्रॅम शिसें असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांपैकीं सुमारें साडेसत्तावीस कोटि मुलें एकट्या हिंदुस्थानांतील आहेत. हीं सर्वच कांहीं बॅटरीवाल्यांचीं मुलें असणें शक्य नाहीं. मग शिसें येतें कोठून?

वाचकभगिनींनीं रागावूं नये, पण पहिलें बोट मला देवघराकडे दाखवावें लागतें. मारुतीस व गणपतीस आपण जो शेंदूर चढवितों तो मुळांत शिशाचेंच तांबडें भस्म. मूर्तीस तो लावावा. माझा विरोध नाहीं. परंतु दर्शन घेऊन तोच बोटानें लहान मुलाच्या कपाळीं लावावयाचा, आणि त्याच बोटांनीं त्यास प्रसादाचा पेढा भरवावयाचा, हें थांबविलें पाहिजे. कुंकवाची गोष्ट निराळी होती. आमची आजी घरीं कुंकू करी तें हळकुंडांवर लिंबाचा रस, टाकणखार व तुरटी यांचा संस्कार करून. त्यांत शिशाचा स्पर्शहि नसे. आतां डबीवर कुंकू किंवा सिंदूर लिहिलेलें असतें, आंत काय आहे तें देव जाणे. २०१७ सालीं अमेरिकेंतील रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं न्यू जर्सींतील दुकानांतून, तसेच मुंबई व दिल्ली येथून सिंदुराचे नमुने घेऊन तपासले. येथील नमुन्यांपैकीं शेंकडा ७८ आणि तेथील नमुन्यांपैकीं शेंकडा ८३ नमुन्यांत, दर ग्रॅमास एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें निघालें. परदेशीं राहणाऱ्या लेंकीसुनांस आपण येथून डब्या धाडतों, त्यांनींहि हें लक्षांत घ्यावें.

दुसरी वस्तु हळद. बांगला देशांत कांहीं व्यापारी हळकुंडें पिवळीं धमक दिसावींत म्हणून त्यांस लेड क्रोमेट चोळीत. हा शिशाचा पिवळा रंग. कारखान्यांत तो सामानास द्यावयाचा. १९८० नंतरच्या दशकांत पुरानें हळद काळवंडली व तेव्हांपासून ही चाल पडली, असें तेथील लोक सांगतात. म्हणजे दळलेली पूड टाळून आख्खें हळकुंड घेतलें कीं झालें, ही आपली समजूतहि खरी नाहीं. फार झगझगीत पिवळें हळकुंडच संशयास्पद. पुढें जें घडलें तें मात्र आनंदाचें आहे. २०१९ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठ व तेथील संशोधक यांनीं ही गोष्ट उघड करतांच सरकारनें बाजारांत तपासणी केली, दोषी व्यापाऱ्यांस दंड केला, घरोघर माहिती पोंचविली. त्या वर्षीं बाजारांतील शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें होतें. २०२१ सालीं एकाहि नमुन्यांत निघालें नाहीं. दोन वर्षांत, आणि तेंहि श्रीमंत नसलेल्या देशांत! आपल्याकडे हळदींत किलोस दहा मिलिग्रॅमपर्यंत शिशाची मर्यादा आहे; २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत पाटण्याच्या बाजारांत हजारांहून अधिक मिलिग्रॅमचे नमुने सांपडले. सांगलीच्या पेठेचा मान राखणाऱ्या आपल्या प्रांतानें या बाबतींत स्वस्थ बसूं नये.

तिसरी वस्तु कल्हई. पितळेच्या पातेल्यांचा शोक पुन्हां आला आहे, व तो मला आवडतो. शुद्ध कथलाच्या कल्हईपासून अपाय नाहीं. पण कथील महाग, शिसें स्वस्त, दोन्ही मऊ व पांढरीं; तेव्हां मिसळ होते, आणि आंबट वरण, कढी किंवा चिंचेचें सार त्यांत शिजलें कीं तें शिसें आमटींत उतरतें. माझे वडील कल्हईवाल्याकडून कथलाची कांब मागून घेत व कानाशीं धरून हळूच वांकवीत. शुद्ध कथील वांकतांना कुरकुरतें. शिशाची मिसळ असली कीं आवाज मंदावतो. शिवाय शिसें कागदावर ओढल्यास करडी रेघ उमटते. या परीक्षा ढोबळ आहेत, परंतु कल्हईवाला निदान सावध होतो.

घराच्या रंगाविषयीं विस्तार करीत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनीं १९०४ सालींच ओळखलें होतें कीं, ब्रिस्बेनमधील मुलांस होणारी विषबाधा व्हरांड्याच्या कठड्यांवरील तैलरंगापासून आहे. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक शिसें नसावें असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. एकशें तेरा वर्षें! त्यापूर्वींचा तैलरंग आपल्या दारांखिडक्यांवर अजून आहेच. तो कोरडा घांसूं नये. पाणी मारून ओला खरवडावा, मुलांस व गरोदर स्त्रीस त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावें, आणि केरसुणी न फिरवितां ओल्या फडक्यानें जमीन पुसावी.

पेट्रोलमध्येंहि शिसें घालीत असत. १९२१ सालीं अमेरिकेंत ती युक्ति निघाली, आणि आपल्याकडे २००० सालीं ती देशभर बंद झाली. जगांत सर्वांत शेवटीं २०२१ सालीं अल्जीरियांत. हा एक मोठा विजय खरा. पण हवेंतून खालीं बसलेलें शिसें कोठेंहि जात नाहीं. तें कुजत नाहीं, जळत नाहीं, ऊन-पावसानें विरघळून नाहींसें होत नाहीं. रस्त्यालगतच्या मातींत तें तसेंच आहे.

शंका असेल त्यानें मुलाचें रक्त तपासून घ्यावें. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ही तपासणी होते. आंकडा वाढलेला निघाला तर पहिला उपचार औषध नव्हे, तर शिसें येण्याची वाट शोधून ती बंद करणें. शिसें बाहेर काढणारीं औषधें आहेत, पण तीं प्रमाण फार वाढलें असतांच डॉक्टर देतात. मी वैद्य नव्हे. याहून अधिक सांगणें माझ्या अधिकारांत नाहीं.

हें सर्व वाचल्यानंतर मीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता काढला. तो आतां पन्नाशीच्या पुढें गेला आहे, एका गोदामांत नोकरी करतो. मला पाहून तो पायां पडला, तेव्हां मला मान वर करवेना. मीं त्यास नीडलमन यांची हकीकत सांगितली व शेऱ्याबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, “गुरुजी, तुमची छडी आठवते, पण शेरा कांहीं आठवत नाहीं.” नंतर थोडें थांबून म्हणाला, “बाबांचे हात शेवटीं मनगटापासून लोंबत असत. डॉक्टर म्हणाले वाताचा विकार.” मनगट पडणें हें शिशाच्या जुनाट बाधेचें नांवाजलेलें लक्षण आहे, मीं तें त्यास त्या दिवशीं सांगितलें नाहीं.

त्यांचें घर विकून वीस वर्षें झालीं. त्याला बरोबर घेऊन मी तेथें गेलों. चुलीच्या जागीं अळूचा वाफा होता आणि घरमालकांचा तीन वर्षांचा नातू चमच्यानें तेथील माती उकरीत बसला होता. मीं घरमालकांस काय तें सांगितलें. त्यांनीं प्रथम हंसण्यावारी नेलें, पण सूनबाईंनीं मुलास उचलून आंत नेलें. पुढच्या महिन्यांत त्यांचा निरोप आला कीं अळू उपटून टाकला, वरची हातभर माती काढून ती सरकारी अधिकाऱ्यांस विचारून मगच हलवावयाची म्हणून पोत्यांत भरून ठेविली आहे, आणि नव्या मातीच्या दोन गाड्या टाकल्या. मुलाचें रक्त तपासावयास पुण्यास कोणत्या दिवशीं जावें हें मीं कळवावें.