दुर्बीण पोटात जाण्यापूर्वी आणि नंतर

आजचा विषय काही श्रोत्यांना चारचौघांत बसून ऐकण्यास संकोचाचा वाटेल. कावळा शिवला म्हणून घरातील स्त्रीने तीन दिवस कोपऱ्यात बसावे, हा काळ पुष्कळ घरांतून मागे पडला. परंतु त्या तीन दिवसांत तिच्या पोटात किती दुखते, हे तिला विचारण्याची रीत काही आपल्याकडे रूढ झाली नाही. ‘बाईच्या जातीला एवढे सोसावेच लागते’ असे म्हटले की विषय मिटतो. पाळीच्या वेळी थोडेफार दुखणे स्वाभाविक आहे, हे खरे. पण जे दुखणे मुलीला दर महिन्याला शाळा बुडवावयास लावते, कचेरीतून बाईला अर्ध्या दिवसाने घरी आणते, शौचाच्या वेळी किंवा पतिपत्नीच्या संबंधाच्या वेळी कळ उठविते आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, ते सोसण्याच्या यादीतून काढून तपासण्याच्या यादीत घातले पाहिजे.

अशा दुखण्याच्या मुळाशी जी कारणे असू शकतात त्यांपैकी एक म्हणजे एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते आणि पाळीच्या रूपाने गळून पडते. त्या अस्तरासारखाच पेशीजाल गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतील पातळ पडद्यावर, क्वचित आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजतो, तेव्हा या रोगास आरंभ होतो. महिन्याच्या चक्राबरोबर तोही सुजतो व स्रवतो; पण त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. मग भोवती दाह होतो, व्रण पडतात आणि एरवी सुटी असणारी इंद्रिये एकमेकांना चिकटतात. अमेरिकेतील डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२० नंतरच्या दशकात या रोगाला हे नाव दिले आणि पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जात असल्यामुळे तो होत असावा, असे मत मांडले. तसे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत जाते. मग रोग थोड्यांनाच का होतो, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळीच्या वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा रोग असतो. आणि निदान होईपर्यंत कित्येकींची अनेक वर्षे निघून जातात.

निदान लांबते याला आपला संकोच जबाबदार आहे, तसा रोगाचा स्वभावही आहे. बीजकोशात जुन्या, काळपट रक्ताची गाठ झाली असेल, जिला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, तर ती सोनोग्राफीत दिसते. खोल रुजलेला रोग जाणकार हाताला सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये पुष्कळदा सापडतो. परंतु पडद्यावर पसरलेले लहान लहान ठिपके या चित्रांतून निसटतात. म्हणून वर्षानुवर्षे असा दंडक होता की खात्री करावयाची तर लॅपरोस्कोपी, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, ते केलेच पाहिजे. युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली हा दंडक सैल केला. चित्रांत काही न दिसता दुखणे चालूच असेल, किंवा औषधांनी गुण येत नसेल अथवा औषधे देणे योग्य नसेल, तेव्हा दुर्बिणीकडे वळावे, असे आता ते सांगतात. तेव्हा शस्त्रक्रिया सुचविणाऱ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की ही आताच का, आणि आधी औषधे देऊन पाहता येतील काय? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

दुसरा प्रश्न याहूनही महत्त्वाचा आहे, आणि तो समजावा म्हणून मी येथे एक खटला सांगते. दिल्लीत १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या लांबलेल्या रक्तस्रावाची तक्रार घेऊन एका रुग्णालयात गेली. दुर्बिणीने तपासणी करण्यास तिने संमती दिली. तिला भूल दिली गेली. आत एंडोमेट्रिओसिस दिसला, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय, बीजकोश व गर्भनलिका काढून टाकण्यात आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली न्यायालयाने निर्णय दिला: तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि जी स्त्री सज्ञान आहे, जी काही तासांनी शुद्धीवर येणार आहे, तिच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. जीव वाचविण्यासाठी तातडीने काही करावे लागले तर गोष्ट निराळी. येथे तशी निकड नव्हती.

या निर्णयाचा उपयोग आपण करून घ्यावा. सही करण्यापूर्वी विचारावे, की तुम्ही फक्त पाहणार आहात, की रोग दिसला तर त्याच वेळी काढणारही आहात? ठिपके जाळणार की कापून काढणार? बीजकोशावर गाठ असली तर ती काढताना चांगला भागही थोडा जातो आणि पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने त्याला मोठे महत्त्व असते. तेव्हा त्याबद्दल आधीच ठरवावे. रोग आतड्यापर्यंत गेलेला दिसला तर तेथे थांबून पुन्हा बोलणार, की पुढे जाणार? जे नको आहे ते कागदावर लिहून घ्यावे. आपल्यापैकी अनेक श्रोते बंगळूरला, कोलकात्याला किंवा हैदराबादला राहतात. संमतीचा कागद आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेत असेल, तर तो समजेल अशा भाषेत सांगा असे म्हणण्यात गैर काहीच नाही. आणि सासूबाई किंवा यजमान शेजारी बसलेले असले तरी उत्तर तिनेच द्यावयाचे असते. माझ्या समोर बसलेली बाई पुष्कळदा यजमानांच्या तोंडाकडे पाहते. मी थांबते आणि प्रश्न तिलाच पुन्हा विचारते.

आता तयारीकडे वळू. आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. त्यांत वैद्यांचे काढे आणि शेजारणीने दिलेली चूर्णेही आली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे किंवा पाळीच्या गोळ्या यांपैकी काय चालू ठेवावयाचे हे आपल्या मनाने ठरवू नये. पाळीची तारीख आणि गर्भाची शंका असल्यास तीही सांगावी. उपाशी राहण्याचा नियम साधारणपणे असा असतो, की सहा तास अन्न नाही आणि दोन तास पाणीही नाही. आपल्या रुग्णालयाने सांगितलेली वेळ मात्र अंतिम समजावी. येथे एक चूक नेहमी होते. ‘घोटभर चहाने काय होते?’ असे म्हणून पहाटे चहा घेतला जातो. दुधाचा चहा या हिशेबात पाणी नसून अन्न आहे. भूल दिल्यावर पोटातील पदार्थ घशाकडे येऊन फुप्फुसांत उतरू शकतो, म्हणून ही सक्ती असते. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ घरीच काढून ठेवावी. शस्त्रक्रियेत विजेची उपकरणे वापरली जातात आणि धातूमुळे भाजण्याचा धोका राहतो. नखांना रंग किंवा बोटांच्या टोकांना गडद मेंदी नसावी, कारण रक्तातील प्राणवायू मोजणारा चिमटा बोटालाच लावतात.

शस्त्रक्रिया पूर्ण भुलेखाली होते. बेंबीजवळ सुमारे एक सेंटिमीटरची चीर देऊन पोटात कार्बन डायॉक्साइड वायू भरतात, म्हणजे पोटाची भिंत उचलली जाऊन आत पाहण्यास जागा होते. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळून श्वासावाटे निघून जातो, म्हणून त्याची निवड. मग दुर्बीण, आणि खाली आणखी दोनतीन बारीक छिद्रांतून हत्यारे. संशयित भागाचा तुकडा तपासणीस पाठवितात.

जाग आल्यावर घसा खवखवतो, कारण श्वासाची नळी घातलेली असते. पोट फुगलेले वाटते. पण बायकांना घाबरवून सोडते ते खांद्याचे दुखणे. पोटाचे ऑपरेशन आणि कळ खांद्यात, म्हणजे हृदयाचे काही झाले की काय, असे वाटू लागते. कारण साधे आहे. उरलेला वायू वर चढून श्वासपटलाला डिवचतो. त्या पटलाची नस मानेतून निघते, म्हणून मेंदू ती कळ खांद्यात आहे असे समजतो. दोनतीन दिवसांत ती जाते. थोडे थोडे चालल्याने बरे वाटते, आणि चालण्याने पायांत रक्त गोठण्याची भीतीही कमी होते. पहिल्या दिवशी पेज, मऊ भात. मग नेहमीचे जेवण. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, तेव्हा पाणी भरपूर प्यावे. थोडासा रक्तस्राव काही दिवस दिसला तर भिऊ नये.

बहुतेकींना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते. बाळंतिणीला आपल्याकडे सव्वा महिना मिळतो. हिच्या पोटावर मात्र तीन चिमुकल्या पट्ट्या, हाती मूल नाही. तेव्हा तिसऱ्या दिवशी ती ओट्याशी उभी असावी असे घराला वाटते. पोटावरची चीर लहान असली तरी आत किती काम झाले ते वरून दिसत नाही. नुसती तपासणी झाली असेल तर एकदोन आठवड्यांत कामावर जाता येते. खोल रोग काढला असेल तर चार ते सहा आठवडे लागू शकतात. निदान दोन आठवडे तरी पाण्याची भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर किंवा कडेवरचे मूल उचलू नये. घरातील पुरुषांनी हे वाक्य विशेष लक्ष देऊन ऐकावे.

दुखणे रोज थोडे कमी होत गेले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढू लागले, ताप आला, उलट्या होऊ लागल्या, पोट फुगून घट्ट झाले, लघवी होईना, जखमेतून पू येऊ लागला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मते अशा तपासणीत दर हजारी सुमारे दोघींना गंभीर इजा होते. प्रमाण थोडे आहे. पण आतड्याची इजा कधी कधी काही दिवसांनी प्रकट होते, आणि तेव्हा विलंब परवडत नाही.

शेवटी, मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न: ‘आत काहीच निघाले नाही तर?’ विचारणारीच्या मनात भीती रोगाची नसते. घरचे म्हणतील, हिला काही झालेलेच नव्हते, याची असते. रोग न दिसणे म्हणजे दुखणे खोटे असणे नव्हे. ओटीपोटात दुखण्याची कारणे अनेक आहेत. स्नायूंची, आतड्यांची, मूत्राशयाची. आणि त्यांचा शोध तेथून पुढे चालू राहतो. उलट, रोग किती पसरला आहे यावरून दुखणे किती असेल हेही ठरत नाही. थोड्याशा ठिपक्यांनी एखादी बेजार होते, तर पुष्कळ रोग असून दुसरीला कळतही नाही. रोग काढला तरी तो पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून मूल इतक्यात नको असेल तर पुढे पाळीवर ताबा ठेवणारी औषधे घेण्याबद्दल विचारावे. पहिल्या एकदोन पाळ्या नेहमीपेक्षा जड जाऊ शकतात. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये.

घरी परतल्या दिवसापासून एक लहान वही करावी. दुखणे कोणत्या तारखेला, कोठे, किती वेळ, आणि कोणती गोळी घेतली, एवढेच तीत लिहावे. पुढच्या भेटीस जाताना तुकड्याच्या तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे, आतील छायाचित्रे दिली असल्यास तीही, आणि ही वही बरोबर न्यावी.