कोंबड्याचं वीर्य ठेवून चालत नाही

बुलढाण्याच्या चिखली तालुक्यातल्या कोंबड्यांच्या या शेडमध्ये कृत्रिम रेतनाचं काम दुपारी तीननंतरच सुरू होतं. सकाळी बऱ्याच कोंबड्यांच्या पोटात टणक कवचाचं अंडं वाटेत असतं. तेव्हा दिलेलं वीर्य वर चढत नाही. "अंडं पडू द्या आदी, मंग हात लावा तिले," शेड सांभाळणाऱ्या काकू सांगतात.

नर सकाळपासून उपाशी ठेवलेले, म्हणजे विष्ठा मिसळायला नको. एक जण पाय धरतो. काकू पाठीवरून शेपटीकडे भरभर हात फिरवतात, शेपटी वर करतात आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना चिमटीने दाबतात. काचेच्या कपात दाट, दुधाळ थेंब उतरतो. एका नराचं फार तर अर्धा मिलिलिटर. पण एका मिलिलिटरमध्ये तीन-चार अब्ज शुक्राणू. पिवळसर किंवा पाणचट निघालं की काकू सरळ फेकून देतात. मायाच नाही.

खरी घाई पुढे. नुसतं ठेवलेलं वीर्य अर्ध्या-पाऊण तासात संपवायचं. पोषक द्रावण मिसळून चार-पाच अंशांवर ठेवलं तर कसाबसा एक दिवस निघतो. तेही बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून नव्हे. या शुक्राणूंना हवा लागते, म्हणून बाटली अर्धीच भरायची आणि हलकेच हलवत राहायची. बुलढाण्याच्या मे महिन्यात शेडमध्ये हे सांभाळणं म्हणजे परीक्षाच.

गावात गाय भरवायला येणारा माणूस मात्र द्रवनत्राच्या डब्यातून, उणे १९६ अंशांतून, वर्षानुवर्षांची वीर्यकांडी काढतो. गंमत अशी, की गोठवण्याची ती किल्ली सापडली कोंबड्याच्याच वीर्यावर. १९४९ मध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये ग्लिसरॉलमुळे गोठवलेले शुक्राणू जिवंत राहतात, हे दाखवलं. लाभ गाईला झाला. कोंबडीत तेच ग्लिसरॉल फलनाला मारक ठरतं. रेतनाआधी ते काढून टाकावं लागतं, आणि कोंबड्याचा लांबट, दोऱ्यासारखा शुक्राणू या उठाठेवीत फार मरतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात देशी जातींचं वीर्य गोठवण्यावर काम झालं आहे, पण ते प्रयोगशाळेचं काम, शेडचं नव्हे.

साठवणीची उत्तम सोय निसर्गाने मादीतच करून ठेवली आहे. योनी आणि गर्भाशय जुळतात तिथे बारीक नलिका असतात. त्यांत शुक्राणू दोन-तीन आठवडे तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा रेतन पुरतं. काकू कोंबडीच्या पोटाची डावी बाजू दाबतात, अंडनलिकेचं तोंड बाहेर येतं, बिनसुईची सिरिंज दोन-तीन सेंटिमीटर आत जाते. वीर्य सोडताना हाताचा दाब सोडायचा, नाहीतर सगळं परत बाहेर. दोन दिवसांनंतरची अंडी उबवणीला.

गोठवलेल्या वीर्याने गावरान जात वाचेल, या भ्रमात तर राहूच नये. पक्ष्यांत पिल्लू नर की मादी हे मादीच्या गुणसूत्रावर ठरतं आणि ते गुणसूत्र वीर्यात नसतंच. जातीच्या कोंबड्या नाहीशा झाल्या, तर नुसत्या वीर्यातून जात पूर्ण परत येत नाही.

पिंजऱ्यातल्या पैदाशीला, किंवा मोजक्या निवडक नरांची पिल्लं हवी असतील तेव्हा, ही खटपट जरूर करावी. परसात पन्नास कोंबड्या असतील, तर दहा माद्यांमागे एक धडधाकट नर सोडा; तेवढं पुरे.