पोटदुखीचं औषध घरच्यांना

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. भंडारा जिल्ह्यात लगोलग धानाची रोवणी लागते आणि सकाळी घरात कुणाला बोलायची फुरसत नसते. पोरानं ‘पोट दुखते’ म्हटलं की ‘आज राहू दे, उद्या जा’ हे सगळ्यांच्याच सोयीचं. शाळा भरून गेली की दुखणं थांबतं, म्हणून ते सोंग ठरतं. पण भीतीनं पोटात खरंच कळ येते. शाळा टळल्यावर मिळणारा आराम मुलाच्या मनात एवढंच पक्कं करतो की, टाळलं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी उंबरठा आणखी उंच होतो. म्हणून मानसशास्त्रज्ञाचं निम्मं काम मुलावर नसून ‘राहू दे’ म्हणणाऱ्यांवर आहे, असं माझं मत.

सशाला घाबरणाऱ्या एका लहानग्याला मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली खाऊ खाताना ससा थोडाथोडा जवळ आणत धीट केलं. रीत आजही तीच आहे: आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा उपचारानं सुमारे ६० टक्के मुलं चांगली सुधारली, सोबत औषध दिल्यावर ८१ टक्के. औषध नसलेल्या दिखाऊ गोळीनं २४. पुढे येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी मुलांना बाजूला ठेवून फक्त आईवडिलांना शिकवलं, तरी गुण थेट उपचाराच्या तोडीस तोड आला.

‘आमच्या वेळी दोन धपाट्यांत काम व्हायचं,’ असं कुणी म्हणेल. पोरगं शाळेत जायचं हे खरं, पण भीती लपवायला शिकायचं. वर्गातली काही मारामारी आणि उर्मटपणा त्या लपवण्यातूनच येतो. मात्र शाळेत कुणी खरोखर छळत असेल, तर आधी तो बंदोबस्त, पायऱ्या नंतर. दुसरा आक्षेप वजनदार आहे: तज्ज्ञ भंडाऱ्याला, मूल लाखांदूरच्या खेड्यात, आणि रोवणीत दर आठवड्याला मजुरी कोण बुडवणार? पालकांना शिकवण्याची वाट इथेच कामाची ठरते. थोड्या भेटी, बाकीचं फोनवर. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक तर हाताशी आहेच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतात. डोळे, दात, हृदय पाहून झालं की त्यांनी हजेरीपटही मागवावा आणि कोणतं मूल नेमकं सोमवारी किंवा परीक्षेच्या दिवशी गैरहजर असतं, ते गुरुजींना विचारावं.