नेटचा उतारा आणि इंग्रजीची तयारी

जून २०२४ पासून यूजीसी-नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. पहिल्या पेपरच्या ५० प्रश्नांपैकी साधारण पाच एका उताऱ्यावर असतात, प्रत्येकी दोन गुणांचे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून कोरे काहीच सोडू नये.

तयारी म्हटली की मुले जाडजूड शब्दसंग्रह घोकायला बसतात. त्यापेक्षा ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ बरी: अवघी ५७० शब्दकुटुंबे, आणि विषय कोणताही असो, शोधनिबंधांत ती भेटत राहतात. अर्थात तीही नुसती पाठ करून भागत नाही.

खरी मेख पर्यायांत असते. उताऱ्यात लेखक ‘मे’ किंवा ‘टेंड टू’ म्हणत हातचे राखून बोलतो. पर्यायात तेच विधान ‘ऑलवेज’ लावून ठामपणे येते आणि घाईतला उमेदवार फसतो. ‘हाउएव्हर’नंतरचे वाक्य तर सावकाश वाचावे, लेखकाचे म्हणणे बहुधा तिथूनच सुरू होते.

सरावाला इंग्रजी दैनिकातला रोजचा एक अग्रलेख पुरे. (बातम्या नकोत, त्यांत युक्तिवाद फारसा नसतो.) वाचून झाल्यावर अंक मिटावा आणि मुद्दा मराठीत दोन ओळींत लिहावा. जमले नाही, तर शब्द अडला की वाक्यरचना, हे लगेच कळते.