एकोणतिसावी पायरी

वसतिगृहाकडे जाणाऱ्या दगडी जिन्याला पायऱ्या 28. मुलगी खाली उभी राहते, पहिल्या पायरीवर पाय ठेवते आणि मोजू लागते. घाई करायची नाही, एकही पायरी चुकवायची नाही, मनातली इच्छा ढळू द्यायची नाही. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. इथं जिना संपायला हवा. तो संपत नाही. पुढे आणखी एक पायरी असते. तिच्यावर उभं राहून कोल्हिणीला हाक मारायची आणि हवं ते मागायचं. कोल्हीण ते देते.

2003 साली दक्षिण कोरियात प्रदर्शित झालेल्या ‘विशिंग स्टेअर्स’ या भयपटाची ही कल्पना. मुलींच्या शाळेत घडणाऱ्या एका गाजलेल्या मालिकेतला हा तिसरा चित्रपट, दिग्दर्शिका युन जे-योन. पहिल्या दोन चित्रपटांनंतर तो पाहिला की मन खट्टू होतं. उत्तरार्धात तर हातातोंडाशी आलेला घास निसटल्यासारखं वाटतं. पण ती एकोणतिसावी पायरी काही केल्या डोक्यातून जात नाही. इतकी साधी गोष्ट इतकी भीती कशी घालते, हे शोधायला लागलं की एकेक दार उघडत जातं.

पहिलं दार शब्दाचं. जपानी भाषेत भुताच्या गोष्टीला ‘काइदान’ म्हणतात. आणि जिन्यालाही ‘काइदान’च म्हणतात! लिहिताना चिनी चित्रलिपीतली अक्षरं वेगळी, कानाला मात्र दोन्ही एकच. जपानी शाळांमधल्या भुतांच्या गोष्टींत जिना पुन्हापुन्हा येतो: दिवसा बारा पायऱ्यांचा, रात्री तेरा पायऱ्यांचा. हेच दोन शब्द त्याच चिनी अक्षरांमधून कोरियन भाषेतही आले, पण तिथल्या उच्चारात ते वेगळे झाले. भुताची गोष्ट झाली ‘ग्वेदाम’ आणि जिना झाला ‘ग्येदान’. या मालिकेचं मूळ नाव ‘योगो ग्वेदाम’, म्हणजे मुलींच्या हायस्कूलातली भुताची गोष्ट, आणि तिसऱ्या भागाचं नाव ‘योऊ ग्येदान’, म्हणजे कोल्हिणीचा जिना. जपानीत एकाच आवाजात राहणारे ते दोघं कोरियन नावात असे शेजारी शेजारी येऊन बसले आहेत.

दुसरं दार तुमच्या-आमच्या इमारतीत आहे. जिन्याच्या पायऱ्या मोजताना प्रामाणिक माणसांचाही आकडा जुळत नाही. समजा, वर जायला पाय 28 वेळा उचलावा लागतो. मग पाय टेकायच्या मधल्या पायऱ्या असतात 27, कारण अठ्ठाविसावं पाऊल थेट वरच्या मजल्यावर पडतं. ज्याने तो मजलाही धरला त्याचा आकडा 28. ज्याने खाली उभं असतानाच ‘एक’ म्हटलं त्याचा 29. तिघंही बरोबर! एक पायरी कमी किंवा एक जास्त ही गडबड प्रत्येक जिन्याच्या अंगातच असते. शाळेतल्या मुली पैजा लावून मोजत असतील आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा येत असेल, तर जास्तीची पायरी कुठून आली याची गोष्ट जन्माला यायला कितीसा वेळ लागणार?

त्यात शरीराची एक सवय मिसळते. एका जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या बांधतात. दोन-तीन पायऱ्या चढलो की पायांना अंदाज येतो आणि पुढे ते डोळ्यांना विचारत नाहीत. म्हणून अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय उचलला आणि ती नसली, की काळजात धस्स होतं. क्षणभरच, पण त्या क्षणी पायाखालचं जग खोटं ठरतं. ‘विशिंग स्टेअर्स’ने हा अनुभव उलटा केला. तिथं पाय थांबायला तयार असतो आणि पायरी मात्र असते.

आता ही मोजणी शाळेत, त्यातही कोरियातल्या मुलींच्या शाळेत का आणली, ते पाहू. तिथल्या हायस्कूलांमध्ये ‘याजा’ नावाचा प्रकार वर्षानुवर्षं चालला. शब्दाचा अर्थ रात्रीचा स्वेच्छेने केलेला अभ्यास. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो सक्तीचाच असे. वर्ग संपले तरी मुलं रात्री दहापर्यंत बाकांवर बसलेली. आपल्याकडे रात्रीची शाळा म्हणजे कुलूप आणि अंधार, म्हणून तिथं भूत कल्पायला सोपं. कोरियात मात्र त्याच काळोख्या व्हरांड्यातून मुली रोज पाणी प्यायला जात, पाय ओढत घरी जात. भुताची गोष्ट जिथं घडते तिथं ऐकणारी स्वतः राहत होती.

हे सगळं कशासाठी, तर नोव्हेंबरातल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या एका परीक्षेसाठी. तिचं नाव सुनुंग. त्या दिवशी इंग्रजीचा ऐकायचा भाग सुरू असताना देशभरातली विमानांची उड्डाणं आणि उतरणं साधारण 35 मिनिटं थांबवतात, मुलांच्या कानावर आवाज पडू नये म्हणून. निकालात मुलांच्या नऊ श्रेण्या लागतात आणि ठरावीक विषयांत पहिल्या श्रेणीत बसतात फक्त वरचे 4 टक्के. तू किती शिकलीस यापेक्षा तुझ्या पुढे कितीजणी आहेत, हे महत्त्वाचं. जवळची मैत्रीण एक पायरी वर गेली तर मी एक पायरी खाली. अशा ठिकाणी मुली जिना मोजणार नाहीत तर काय मोजणार?

मालिकेचा पहिला चित्रपट 30 मे 1998 रोजी आला, दिग्दर्शक पाक की-ह्योंग. चित्रपट आधी तपासून मगच दाखवू देण्याची पद्धत घटनाबाह्य आहे, असा निकाल कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने 1996 साली दिला होता. त्या मोकळ्या हवेत पडद्यावर शिक्षक दिसले ते असे: मुलींना मारणारे, त्यांच्या अंगाला हात लावणारे, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या मुलींना एकमेकींविरुद्ध उभं करणारे. शिक्षकांच्या संघटनेने आक्षेप घेतला. मुलींनी मात्र चित्रपटगृहं भरली.

त्यातलं भूत विलक्षण आहे. शाळेतच मेलेली एक मुलगी वर्षानुवर्षं त्याच शाळेत शिकत राहते. नाव बदलतं, वर्ग बदलतो, वार्षिकांकातल्या फोटोत चेहरा तोच. आणि कुणाच्या लक्षात येत नाही! अख्खी शाळा मोजण्यावर चाललेली, तरी मागच्या बाकावरची एक मेलेली मुलगी दरवर्षी हजेरीत खपून जाते. तिला सूडापेक्षा एक मैत्रीण हवी आहे. कोरियातली जुनी भुतं अशीच असतात. ‘छोन्यो ग्विशिन’ म्हणजे लग्नाआधी गेलेल्या मुलीचं भूत. पांढरे कपडे सुतकाचे, मोकळे केस कुमारिकेचे. आपल्याकडच्या मुंज्यासारखंच, आयुष्यातला पुढचा टप्पा राहून गेल्यामुळे अडकलेलं. मिर्यांग गावची आरांग ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिचा खून झाला होता. न्याय मागायला ती प्रत्येक नव्या अधिकाऱ्यापुढे उभी राहायची आणि अधिकारी भीतीने मरायचे. शेवटी एकाने धीर धरून तिचं ऐकून घेतलं. मिर्यांगमध्ये आजही तिचं देऊळ आहे. या भुतांना आधी कुणीतरी ऐकून घेणारं हवं असतं.

पहिल्या चित्रपटातलं एक दृश्य कोरियात आजही सगळ्यांना आठवतं. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला मुलगी उभी आहे. पुढच्या क्षणी ती मध्यावर. पुढच्या क्षणी तिचा चेहरा आपल्या तोंडाशी. चालताना ती दिसतच नाही. कॅमेऱ्याची दिशा तीच ठेवून मधला भाग कापून टाकला आहे, एवढीच युक्ती. पण बघणाऱ्याचं मन पावलं मोजत असतं आणि मधली पावलं नसतात. पहिल्या चित्रपटात पावलं गाळलेली, तिसऱ्यात पायरी वाढलेली. एकाच भीतीची ही दोन टोकं आहेत, असं मला वाटतं.

दुसरा भाग, 1999चा ‘मेमेंटो मोरी’, किम ते-योंग आणि मिन ग्यू-दोंग या दोन तरुण दिग्दर्शकांचा. दोन मुलींचं एकमेकींवरचं प्रेम, दोघींनी मिळून सजवलेली एक वही, आणि ती वही तिसरीच्या हाती लागणं. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. पण मालिकेतला सर्वांत सुंदर चित्रपट तोच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग तिसरा आला. पूर्वार्ध मन लावून केलेला आहे. जिनसंग आणि सोही या बॅले शिकणाऱ्या जिवलग मैत्रिणी. पुढे जाण्याची जागा एकच आणि सोही जास्त चांगली नाचते. जिनसंग जिना मोजते. वजनापायी सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेली हेजू बारीक होण्यासाठी जिना मोजते. बॅलेची निवडही अचूक आहे. अख्ख्या देहाचा भार अंगठ्याच्या टोकावर तोलायचा आणि वेदना चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, असा हा नाच. 1841 साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेलं ‘जिझेल’ हे प्रसिद्ध बॅले तर लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या भुतांचंच आहे. युरोपातल्या कुमारिका आणि कोरियातल्या कुमारिका, दोघींची भुतं पांढऱ्या कपड्यांतच!

मग भांडणात सोही जिन्यावरून पडते, पायाला इजा होते, नाच संपतो आणि ती जीव देते. हेजू पुन्हा जिना चढते आणि सोहीला परत मागते. इथून चित्रपटाचा पाय घसरतो. सोही परत येते ती विस्कटलेल्या केसांनी, खिडकीतून सरपटत, 1998च्या ‘रिंग’ या जपानी चित्रपटातल्या सादाको या भुताची आठवण करून देत. विजा, किंकाळ्या, रक्त. जिना मागे पडतो. मोजणी तर कुणाला आठवतच नाही.

मला वाईट वाटतं ते यासाठी की खरी भीती तिथंच, पायऱ्यांवर, वाट पाहत होती. जागा एक आणि मैत्रिणी दोन. दोघी एकाच रात्री जिना चढल्या, दोघींनी मोजणी नीट केली आणि दोघींनी तीच जागा मागितली, तर कोल्हीण काय करेल? एकोणतिसाव्या पायरीवर दोघी समोरासमोर आल्या, तर कोण मागे फिरेल? हा प्रश्न त्या शाळांमधल्या हरेक मुलीच्या रोजच्या जगण्यातला होता. चित्रपट तिकडे वळत नाही. ज्या मालिकेने शाळेलाच भूत केलं, तिने ऐन वेळी दुसऱ्याच्या घरचं भूत उसनं आणलं.

मालिका 2021पर्यंत चालली, एकूण सहा चित्रपट. दर वेळी शाळा नवी, गोष्ट नवी, दिग्दर्शक नवा आणि बहुतेक चेहरेही नवे. जिनसंग झालेल्या सोंग जी-ह्योचा हा पहिलाच चित्रपट. ‘रनिंग मॅन’ हा कोरियन टीव्ही कार्यक्रम बघणारी आपल्याकडची मुलं तिला नावाने ओळखतात. हा चित्रपट पाहिला तर तिच्या डोळ्यांतली ती अपराधी घालमेल बघून त्यांना नवल वाटेल.

ही मालिका बघायची असेल तर पहिले दोन भाग पूर्ण बघा, शक्य तर सलग दोन रात्री. तिसरा सोही जिन्यावरून पडेपर्यंत बघा आणि तिथं थांबा. मग आपल्या इमारतीचा जिना एकदा चढताना मोजा, एकदा उतरताना.